फॉन्टचं नाव अर्धवट लिहू नका

वर्ध्यात हिंदी आणि मराठी छपाई शेजारीशेजारी चालते. राष्ट्रभाषा प्रचार समिती इथं १९३६ पासून आहे, महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय १९९७ पासून. अशा गावात डीटीपीच्या एकाच संगणकावर कृतिदेव, सुरेख, मंगल सगळे नांदतात. म्हणून सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका जुळवताना फॉन्टचं नाव नेमकं लिहिणं इथं फार गरजेचं आहे.

गैरसमज: नाव कसंही लिहा, अक्षराचं वळण दिसल्याशी मतलब.

वस्तुस्थिती: 'कृतिदेव ०१०'मध्ये 'वर्धा' हा शब्द असा साठवला जातो: रोमन लहान ओ, तिरकी रेघ, दोन लहान के आणि मोठा झेड. ही चिन्हं देवनागरी दिसतात ती केवळ त्या फॉन्टमुळे. फॉन्ट नसेल तर पानावर रोमन कचरा उरतो. युनिकोड मजकुराचं तसं नाही. मंगल नसला तर दुसरा देवनागरी फॉन्ट जागा घेतो. वळण बदलतं, पण शब्द वाचता येतो. कृतिदेवच्या मजकुराला नुसता मंगल लावला की तो युनिकोड झाला, हीही चुकीचीच समजूत. तो कन्व्हर्टरमधून काढावा लागतो.

'सुरेख'चंच बघा. सी-डॅकचा 'डीव्हीबी-टीटीसुरेख' जुन्या एन्कोडिंगचा, 'डीव्हीओटी-सुरेखएमआर' युनिकोडचा. त्यातलं 'एमआर' मराठी वळणाच्या ल आणि शसाठी. पुस्तिकेत 'सुरेख निवडा' एवढंच छापलं तर वाचणाऱ्यानं कोणता निवडायचा? अशी पुस्तिका छापायला देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गैरसमज: फाइलचं नाव तेच फॉन्टचं नाव.

वस्तुस्थिती: खरं नाव फाइलच्या आत, नेम टेबलात असतं, आणि तेही एकच नसतं. मेन्यूत 'नोटो सान्स देवनागरी' तीन सुट्या शब्दांत दिसतो. पोस्टस्क्रिप्ट नावात स्पेस चालत नाही, म्हणून ठळक रूप तिथं 'नोटोसान्सदेवनागरी-बोल्ड' असं जोडून येतं. पीडीएफच्या फॉन्ट यादीत बहुधा हेच दिसतं आणि लोकांना वाटतं, फॉन्ट बदलला.

तेव्हा वापरणाऱ्याला मेन्यूतलं नाव सांगा, स्पेस-हायफनसकट, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तेच. फाइलचं नाव फक्त फॉन्ट इन्स्टॉल करण्याच्या पानावर येऊ द्या. आणि जुळणी सुरू करण्याआधीच फॉन्टची यादी आवृत्तीसकट करून ठेवा, म्हणजे मधेच काम दुसऱ्याकडे गेलं तरी तो नाव तिथूनच उचलेल.