थांबायची ऐपत

सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवातून हळद काढायची झाली की आधी तोंड उघडून पेव बराच वेळ तसंच ठेवायचे. आत कोंडलेली हवा निघून गेल्याची खात्री झाली की मगच माणूस खाली उतरायचा; घाई केली तर जीव गुदमरायचा. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळची ही माती अशी, की वीस-पंचवीस फूट खोल खड्ड्यात भरलेली हळद वर्षानुवर्षं टिके. वरून पाहणाऱ्याला नुसती मोकळी जमीन दिसायची. सांगलीची पेठ हळदीसाठी देशभर नावाजली, त्याचं श्रेय पुष्कळ जण व्यापाऱ्यांच्या हुशारीला देतात. मी आधी या मातीला देईन. इथे मालाला थांबता येत होतं, म्हणून भावही इथे ठरत होता.

पण थांबत कोण होतं? हळद आठ-नऊ महिन्यांचं पीक. खणायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, आणि तोवर सोसायटीचं कर्ज, लेकीचं लग्न, पुढच्या लागणीचं बियाणं सगळं दारात उभं. शेतकरी पोती घेऊन पेठेत यायचा आणि मिळेल त्या भावात मोकळा व्हायचा. पेवात थांबलेली हळद बहुतेक व्यापाऱ्याची असे. राष्ट्रीय पातळीवर हळदीचे वायदे २००४ मध्ये सुरू झाले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून सांगलीत हळदीचा स्वतःचा वायदेबाजार होता. पुढच्या महिन्याच्या भावावर आज सौदा करणारी माणसं आणि आजच्या भावावर घर चालवणारी माणसं एकाच पेठेत समोरासमोर बसायची.

१९६३ च्या बाजार समिती कायद्यानं उघड लिलाव आणि चोख वजनाची चौकट दिली. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवण्याची जुनी रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना उघड बोलीचं मोल सांगावं लागत नाही. तरी मला त्याहून मोठी वाटते ती पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना, १९९०-९१ पासूनची. माल गोदामात ठेवायचा, त्यावर सहा टक्के व्याजानं सहा महिन्यांसाठी कर्ज उचलायचं, भाव आला की विकायचा. पेवाचा फायदा पहिल्यांदा पिकवणाऱ्याच्या हातात देण्याचा हा प्रयत्न होता. तो जितका गावोगाव पोचायला हवा होता तितका पोचला नाही, ही खंत मला आजही आहे.

२००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं. हळद गेली, पेवंही बाद झाली, आणि माल वखारींकडे वळला. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तोवर पेवं बहुतांशी आठवणीतच उरली होती.

द्राक्षाची गोष्ट वेगळी, कारण द्राक्ष मुळात थांबतच नाही. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून निवडलेल्या तास-ए-गणेश या वाणानं या भागाचं नशीब बदललं. बाग उभी राहिली, आणि बागेसोबत एक कायमची धास्तीही. माल तयार झाला की व्यापारी येतो, दर ठरवतो, पेट्या भरतो, थोडा विसार देतो आणि बाकी नंतर देतो म्हणतो. आमच्या भावकीतल्या एका घरी असाच एक व्यापारी शेवटची गाडी भरून गेला तो परत आलाच नाही. त्या घरातल्या बाईनं पुढची तीन वर्षं पेट्यांची चिठ्ठी देवघरात जपून ठेवली होती. निर्यातीचा रस्ता त्यातल्या त्यात सरळ वाटायचा. २०१० मध्ये युरोपनं क्लोरमेक्वाट या औषधाचे अंश सापडले म्हणून भारतीय द्राक्षं अडवली आणि तोही रस्ता किती अरुंद आहे ते कळलं. तेव्हापासून बागाईतदार औषधांच्या तारखा वहीत लिहायला शिकले.

द्राक्षाला थांबायला शिकवलं बेदाण्यानं. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवायचे, शेडमधल्या जाळ्यांवर पसरायचे. पंधरा-वीस दिवसांत माल तयार. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. कवठेमहांकाळकडची कोरडी हवा त्याला मानवते. मग माल शीतगृहात जातो आणि सवडीनं तासगाव-सांगलीच्या सौद्यांना निघतो. पेवाचंच काम, आता विजेवर. फरक एवढाच की आतला माल पुष्कळदा शेतकऱ्याचा असतो.

सौद्यात मात्र जुनी दुखणी आहेत. नमुना पाहताना पेटीतला बेदाणा खाली उधळायचा, ही 'उधळण' शेतकऱ्याला घासातला घास सांडल्यासारखी लागते. तिच्याविरुद्ध आंदोलनं झाली, ती योग्यच होती. दिवाळीच्या सुमारास सौदे बंद ठेवून सगळी येणी चुकती करण्याची 'झिरो पेमेंट'ची प्रथा मात्र मला या बाजारातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. शेतकऱ्यानं स्वतः विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी लागत नाही, हा खुलासा व्हायला डिसेंबर २०२४ उजाडला.

मार्च २०२० ची टाळेबंदी आली तेव्हा सांगली आणि शेजारचा सातारा, दोन्ही जिल्ह्यांत हंगाम भरात होता. महाबळेश्वर-भिलारची स्ट्रॉबेरी पर्यटकांवर जगणारी. तिला २०१० मध्येच मानांकन मिळालं होतं, पण रस्ता ओस पडल्यावर ते कुणाला दाखवायचं? पाचगणीत किशोर व्होरा यांनी १९५९ मध्ये मॅप्रो सुरू केल्यापासून जॅम-सिरपचा आधार आहे, पण सगळं पीक त्यात मावत नाही. फळ वाफ्यातच सडलं, जनावरांपुढे पडलं. तिकडे तासगावात न विकलेली द्राक्षं शेडवर चढली. काहींनी टेम्पो भरून थेट पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या फाटकाशी नेली, फोनवर मागणी घेतली. एकाच महिन्यात दोन फळांची दोन नशिबं मी पाहिली.

साताऱ्याच्या आल्याला ना पेव लागतं ना शीतगृह. ते जमिनीतच थांबतं. इथे भाव गाडीवर बोलतात, एक गाडी म्हणजे पाचशे किलो. दर पडला की शेतकरी खणतच नाही, वर्ष उलटू देतो. २०२३ मध्ये दर कडाडले तेव्हा थांबलेल्यांचं सोनं झालं. मग व्यापाऱ्यांनी नवं आलं वेगळं, जुनं वेगळं करायला सुरुवात केली. जुन्याला चढा दर, नव्याला पडता. शेतकरी म्हणाले, एका कंदाला लागलेलं नवं-जुनं आम्ही वेगळं का मोजावं, घ्यायचं तर सरसकट घ्या. भांडण बाजार समित्यांपर्यंत गेलं. कोरेगावकडचं एखादं रान अजून न खणलेलं दिसलं, की बांधावरचा माणूस आधी आजचा गाडीचा दर सांगतो आणि मग आपलं आलं किती महिन्यांचं झालं ते.