ताटातलं पापलेट आणि अन्नसाखळीतली आपली जागा

अन्नसाखळीचं चित्र काढायला सांगितलं की मुलं बहुतेक वेळा माणसाला सगळ्यात वर बसवतात. माणूस अशरफुल मख्लूकात, म्हणजे जागा वरचीच, असा त्यामागचा हिशेब. पण फजीलत वेगळी आणि अन्नसाखळी वेगळी. इथे जागा ठरते ती आपण काय खातो यावरून.

वनस्पती पहिल्या पायरीवर, त्या खाणारे जीव दुसऱ्या, बडे शिकारी चौथ्या-पाचव्या. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी जगभरातल्या लोकांच्या खाण्याचा हिशेब मांडला. माणसाची सरासरी पायरी निघाली २.२१. साधारण याच पायरीवर अँकोव्ही मासा आहे, आपल्या मांदेलीच्या कुळातला!

मग काळजी कशाची? आपल्या हातातल्या साधनांची. जाळं, इंजिन आणि बर्फ असल्यामुळे आपण समुद्रातल्या कुठल्याही पायरीवरचा मासा उचलू शकतो. राजोडीसमोरच्या समुद्रातले मासे कोणी दाणापाणी देऊन वाढवलेले नाहीत. म्हणून मासेमारी ही शिकारच आहे, आणि बाजारात मासा घेणारे आपणही त्या शिकारीत भागीदार आहोत.

सूरह माइदाच्या ९६व्या आयतीत समुद्रातली शिकार हलाल ठरवली आहे, आणि त्याच आयतीत इहरामच्या हालतीत जमिनीवरची शिकार मना केली आहे. म्हणजे शिकारीला थांबण्याची वेळ असते, ही गोष्ट आपल्याला नवी नाही.

कायदाही तेच सांगतो. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस राज्याच्या समुद्रात यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. दर्या खवळलेला असतो आणि अनेक माशांचा हा अंडी घालण्याचा काळ असतो. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा घोषित केलं गेलं. आपल्याच पालघर जिल्ह्यातलं सातपाटी या पापलेटसाठी मशहूर आहे. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकारही ठरवून दिला. कारण साधं आहे: एकदाही अंडी न घालता पकडलेला मासा म्हणजे मागे नस्लच राहिली नाही.

पण लहान दिसणारा प्रत्येक मासा पिल्लू नसतो. जवळा, मांदेली हे मुळातच लहान. ते बिनधास्त खा. तळहातात मावणारं पापलेट मात्र बच्चा आहे. स्वस्त मिळतं म्हणून आपण ते घेतो, आणि आपण घेतो म्हणून बारीक भोकांचं जाळं पुन्हा पाण्यात पडतं. नुकसान शेवटी कोळी बांधवांचं होतं आणि आपल्या मुलांच्या दस्तरखानाचंही.

तेव्हा बाजारात मासेवालीने छोट्या पापलेटांचा वाटा पुढे केला, तर नम्रपणे सांगा, "मावशी, हे नको, मोठं आलं की घेऊ." चार घरांनी असं सांगितलं तरी ती गोष्ट बंदरापर्यंत पोहोचते.