वजन उतरविणारा झाडपाला

आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे. शाळा सातवीतच सुटली. पुढचे जे काही वाचन झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील तर ते रास्तच आहे. अधिकार एवढाच की, काही वर्षांपूर्वी आमचा एक सभासद रात्रपाळीत यंत्रापाशी घेरी येऊन पडला, आणि त्याच्या रजेची बाजू मांडण्याकरिता आम्हांला या गोष्टीत डोके घालावे लागले. त्याची छाती धडधडत होती, हात कापत होते, कित्येक दिवस धड झोप नव्हती. खिशात एक डबी निघाली. तिच्यावर हिरवे पान आणि ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य, दुष्परिणाम नाहीत’ अशी ग्वाही. पोट उतरावे म्हणून दोन महिने तो त्या गोळ्या घेत होता. आम्ही रागावलो, तर म्हणतो, “पण भाऊ, पाच किलो उतरलं की!”

हा ‘उतरलं की’ मोठा फसवा आहे. काटा खाली गेला म्हणजे चरबी गेली असे नव्हे. पुष्कळ चूर्णांत सोनामुखी असते. तिने जुलाब होतात, अंगातले पाणी जाते, काटा हलतो. दोन दिवस नीट खाल्ले-प्याले की वजन होते तेथे येते. चरबी मात्र होती तेवढीच.

दुसरे उदाहरण आपल्या कोकणातलेच. आमसुलात आणि त्याच्या मलबारी भावंडात हायड्रॉक्सिसायट्रिक नावाचे आम्ल असते. साखरेची चरबी होण्याच्या क्रियेला ते अडविते, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आणि गोळ्यांचा बाजार भरला. १९९८ साली अमेरिकेत १३५ स्थूल माणसांवर बारा आठवडे त्याची परीक्षा झाली. सर्वांना सारखाच बेताचा आहार. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी पोकळ गोळी. खरी गोळी घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो उतरले, पोकळ गोळीवाल्यांचे ४.१ किलो! म्हणजे जे उतरले ते आहाराने. आमटीतल्या दोन आमसुलांना कोणी भिऊ नये. पण अर्काच्या गोळ्यांनी काहींचे यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत. हिरव्या चहाचेही तेच. चहा पिणे निराळे आणि त्याचा अर्क गोळीतून घेणे निराळे. त्यातले मुख्य द्रव्य रोज ८०० मिलिग्रॅम वा अधिक पोटात गेल्यास यकृताला इजा संभवते, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली सांगितले.

मग काही गोळ्यांनी भूक खरोखरच मरते, ती कशाने? कित्येकदा झाडपाल्याने नव्हे. सिब्युट्रामिन नावाचे रासायनिक औषध भूक मारते; पण ते रक्तदाब आणि नाडी वाढविते. म्हणून २०१० साली अमेरिका-युरोपात ते मागे घेतले गेले, आणि २०११ साली भारतात त्यावर बंदी आली. तेच औषध ‘वनौषधी’च्या डब्यांत चोरून मिसळलेले पुन्हा पुन्हा सापडले आहे.

चोरी नसतानाही काय होते, ते ब्रुसेल्सने पाहिले. तेथील वजन उतरविण्याच्या एका दवाखान्यात १९९० पासून दोन चिनी वनस्पतींची पूड दिली जाऊ लागली. त्यांतली एक स्टेफानिया. १९९२ साली तरुण स्त्रिया मूत्रपिंडे निकामी होऊन इस्पितळात येऊ लागल्या. डॉक्टरांनी विचारपूस केली, तो सर्वांचा धागा त्या एकाच दवाखान्याशी. पूड तपासली तेव्हा उलगडा झाला. चिनी भाषेत दोन निरनिराळ्या मुळ्यांना ‘फांग जी’ म्हणतात. त्या नामसाधर्म्यापायी स्टेफानियाच्या जागी ॲरिस्टोलोकियाची विषारी मुळी आली होती. शंभराहून अधिक रुग्ण निघाले. पुष्कळांच्या नशिबी डायलिसिस किंवा दुसऱ्याचे मूत्रपिंड आले. तेवढ्यावरही भागले नाही. त्यांपैकी ३९ जणांची निकामी मूत्रपिंडे व मूत्रवाहिन्या खबरदारी म्हणून काढण्यात आल्या, तेव्हा १८ जणांत कर्करोग आढळला. ही हकीकत २००० साली प्रसिद्ध झाली. मुळी अस्सल झाडाचीच होती, शंभर टक्के वनस्पतिजन्य!

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने ज्या विकारांवरील इलाजांच्या जाहिरातींना मनाई आहे, त्यांत स्थूलपणाही आहे. मग डबीवर ‘अन्नपूरक’ असे छापतात. पुढच्या बाजूला सडपातळ बाईचे चित्र आणि मागे, भिंगातून वाचावे अशा अक्षरांत, ‘औषधी उपयोगासाठी नाही’. पगाराची चिठ्ठी मागची-पुढची वाचण्याची सवय आम्ही कामगारांना लावली. डबीची लावायची राहून गेली.

आमचा तो सभासद गोळ्या सुटल्यावर बरा झाला, रजाही मंजूर झाली. परंतु डबीत काय होते ते तपासता आले नाही, कारण घरच्यांनी संतापून ती नाल्यात भिरकावली होती. तुमच्या घरी असे काही घेणारे कोणी असेल आणि डोळे पिवळे दिसू लागले, लघवी कमी झाली, छाती धडधडू लागली, तर गोळी थांबवून डॉक्टरकडे जा. आणि जाताना डबी, रिकामी असली तरी, बरोबर न्या.