समतोल म्हणजे थांबणं नव्हे

गेल्या व्याख्यानानंतर एका विद्यार्थिनीने विचारलं: आम्लात पाणी घातलं की ते सौम्य होतं, मग पुस्तकात ‘विरलनाने आयनीभवन वाढतं’ असं कसं लिहिलंय? हा परस्परविरोध नाही का? आता माझा विषय तत्त्वज्ञान. ‘परस्परविरोध’ हा शब्द कानावर पडला की मला राहवत नाही.

आधी आकडे बघू. व्हिनेगरमधलं अ‍ॅसेटिक आम्ल घ्या, 0.1 मोलर. त्याच्या हजार रेणूंपैकी जेमतेम 13 फुटून आयन झालेले असतात. त्यात पाणी घालून आकारमान दसपट केलं, की द्रावण 0.01 मोलर होतं आणि हजारातले 41 फुटलेले सापडतात. म्हणजे फुटलेल्यांचा वाटा तिपटीने वाढला. पण एका लिटरमधले हायड्रोजन आयन मोजाल, तर ते कमीच झालेत. सामू 2.9 वरून 3.4 वर जातो. ‘वाटा किती’ आणि ‘लिटरमध्ये किती’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. विरोध द्रावणात नाहीच, आपल्या प्रश्नात आहे.

पण वाटा वाढतो का? इथे ‘समतोल’ हा शब्द आपल्याला फसवतो. तराजूचा काटा स्थिर झाला, संपलं, असं चित्र डोळ्यासमोर येतं. रासायनिक समतोलात काहीच थांबलेलं नसतं. रेणू फुटत असतात, आयन पुन्हा जुळत असतात. दोन्हींचा वेग सारखा, म्हणून बाहेरून काही बदलताना दिसत नाही.

बंदिस्त मैदानात मुली फुगड्या खेळताहेत असं समजा. जोड्या सुटतात, नव्या जमतात. आता मुली तेवढ्याच ठेवून मैदान दसपट करा. फुगडी सुटायला काय लागतं? त्या दोघी दमल्या की झालं, मैदानाशी त्याचा संबंध नाही. पण नवी जोडी जमायला कुणीतरी भेटावं लागतं, आणि आता सगळ्या पांगल्यात. साहजिकच कुठल्याही क्षणी सुट्या मुली जास्त दिसणार. द्रावणात हेच घडतं. आकारमान दसपट केल्याबरोबर, दर लिटरमागे, फुटण्याचा वेग दहापटीने कमी होतो, तर जुळण्याचा शंभरपटीने, कारण तिथे दोन आयनांची गाठ पडावी लागते. फुटण्याची बाजू वरचढ ठरते, आणि नवा समतोल येईपर्यंत तशीच राहते. विल्हेल्म ओस्टवाल्डने 1888 मध्ये हा नियम गणितात मांडला.

अभिक्रिया उलटही जाते, ही कल्पना मुळात पचायला जड गेली. नेपोलियनबरोबर 1798 मध्ये इजिप्तला गेलेल्या बेर्तोले या रसायनज्ञाने खाऱ्या तळ्यांच्या काठी सोड्याचे थर पाहिले. मीठ आणि चुनखडी यांच्यापासून तो तयार होत होता. प्रयोगशाळेत मात्र हीच अभिक्रिया नेमकी उलट्या दिशेने चालते! कोणता पदार्थ किती आहे यावर दिशा ठरते, हे त्याने ओळखलं.

हायड्रोक्लोरिक आम्ल तर जवळजवळ पूर्णच फुटतं, तिथे हिशेब सरळ: दसपट पाणी, सामू एकने वर. पण तोच हिशेब ताणत 0.1 मोलर द्रावण एक कोटीपट विरल केलंत, तर सामू 8 येईल. आम्ल विरल करत करत अल्कली झालं? 25 अंश सेल्सियसला खरा सामू येतो 6.98. कारण एव्हाना पाण्याचे स्वतःचे आयन आम्लापेक्षा जास्त झालेले असतात, आणि ते आपण मोजलेच नव्हते.