बोर्डाचा बुधवार

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावचं सरकारी रुग्णालय. एप्रिल महिना. साडेनऊलाच पत्र्याची शेड तापली आहे. केसपेपरच्या खिडकीसमोर बायकांची एक आणि पुरुषांची एक अशा दोन रांगा आहेत. खिडकीजवळ पोचेपर्यंत त्यांची गर्दी होते. पहिल्या एसटीनं आलेले पुढं आहेत. ज्यांना उभं राहवत नाही त्यांच्या चपला रांगेत आहेत. रांग सरकली की मागचा माणूस पायानंच त्या चपला पुढं ढकलतो. त्यावरून भांडण होत नाही. नंबर चपलेचा असला तरी तो नंबरच.

बुधवार म्हणजे बोर्ड. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी तपासणीचा दिवस. कुबड्या भिंतीला टेकून ठेवल्या आहेत. दहा-बारा वर्षांचा मुलगा आईच्या कडेवर आहे. ती थोड्या थोड्या वेळानं त्याला या कडेवरून त्या कडेवर घेते. आवारातल्या वडापावच्या गाड्यावरून तळणीचा वास थेट आत येतो.

जिन्याखाली एक माणूस बसला आहे. चौतिशीचा असेल. पांढरा सदरा, गळ्यात तुळशीची माळ. हातपाय धड. मात्र तो सरळ बसत नाही. गुडघे पोटाशी घेऊन, पुढं वाकून, फायलीची पिशवी पोट आणि मांड्यांच्या मध्ये दाबून धरली आहे. शेजारची म्हातारी त्याला न्याहाळते.

"तुला काय झालंय रे बाबा?"

"पोटात दुखतंय, मावशी."

"पोटात?" म्हातारी पुन्हा एकदा त्याच्या पायांकडं बघते आणि पदरानं वारा घेऊ लागते.

स्वादुपिंड जठराच्या मागं, पाठीच्या कण्याला लागून आडवं पडलेलं असतं. लांबी सुमारे १५ सेंटिमीटर. ते वर्षानुवर्षं सुजत राहिलं की आतून घट्ट होत जातं, त्याच्या नळीत खडे धरतात. मग बेंबीच्या वर सुरू झालेली कळ आरपार पाठीत जाते. पुढं वाकलं की जरा उतरते. म्हणून हा असा बसला आहे. जेवलं की कळ वाढते, म्हणून रात्रीपासून पोटात काही नाही. बायकोच्या हातात डबा आहे, तो ती उघडत नाही. दुसऱ्या हातात लहान थर्मास. त्यात बर्फाचे तुकडे आणि इन्सुलिनची बाटली. स्वादुपिंड निकामी होत गेलं की साखरेचा आजार मागून येतोच.

आधी तो बाजार समितीत हमाल होता. पोती उचलायचा. आता पाण्याची कळशीसुद्धा ही उचलते.

मी रांगेबरोबर आत सरकतो. पॅसेजमध्ये ट्यूब आहे, उजेड नाही. डावीकडं डोळ्यांची खोली. भिंतीवरच्या तक्त्याची अक्षरं एक आजोबा रांगेत उभ्या उभ्या पाठ करताहेत, पुढच्या पोरानं त्यांना हळूच सांगितली आहेत. पुढं कानाची खोली. काचेच्या पेटीत हेडफोन लावलेली मुलगी बसली आहे, आवाज आला की तिनं बोट वर करायचं. ती बाहेर आईच्या तोंडाकडं बघते आणि बोट वर करते. ऑर्थोच्या दारात सगळ्यात जास्त गर्दी. आत डॉक्टर कोन मोजायची पट्टी गुडघ्याला लावतात, आकडा सांगतात, सहायक लिहून घेतो. आकड्यांतून टक्के निघतात. ४० टक्क्यांच्या पुढं गेलं तर एसटीत ७५ टक्के सवलत, पुढच्या योजनांची दारं. कार्डावरच्या पट्टीचा रंगसुद्धा टक्क्यांवर: चाळिसाच्या आत पांढरी, वर पिवळी, ऐंशीपासून निळी. पॅसेजमध्ये लोक एकमेकांना नाव-गाव विचारत नाहीत. "किती बसले?" एवढंच विचारतात.

माळकऱ्याला फिजिशियनच्या खोलीत पाठवतात. दारावरचा मामा फाइल चाळतो, पोट हा शब्द वाचतो आणि विचारतो, "पीत होता का?"

"नाही."

"खरं सांग. डॉक्टर विचारतील."

तो काही बोलत नाही, माळेला हात लावतो. हा प्रश्न त्याला नवा नाही. केसपेपरच्या खिडकीवर विचारला, मेडिकलवाला दुखण्याची गोळी देताना विचारतो, सोयरेही विचारतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत असे १,०८६ रुग्ण तपासले होते. दारूमुळं आजार झालेले त्यात चाळीस टक्क्यांच्या आतच होते. साठ टक्क्यांच्या आसपास रुग्णांच्या आजाराचं कारणच सापडलं नव्हतं. मामाला हे सांगून उपयोग नाही. मामा पुढच्याला हाक मारतो आहे.

आत पंखा आहे, पण कागद उडतात म्हणून तो एकवर ठेवला आहे. डॉक्टर तरुण आहेत. सीटी स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडात धरतात. पोटाच्या मधोमध पांढरे ठिपके दिसतात, ते खडे. ऑपरेशनचा कागद वाचतात. नळी उघडून आतड्याला जोडली होती. "मग फरक पडला नाही?"

"पडला सर. दोन वर्षं चांगली गेली. मग परत."

"सदरा वर करा."

तो सदरा वर करतो. बेंबीच्या वरच्या भागावर तपकिरी, जांभळट जाळी उमटली आहे, एकाआड एक वळलेल्या रेषांची. पाठीवरही तशीच, थोडी फिकट. डॉक्टर बोट ठेवतात.

"गरम पिशवीनं शेकता?"

"रात्री. गार झाली की ही परत पाणी तापवती."

अख्ख्या फायलीत नसलेली गोष्ट या कातडीवर आहे. डॉक्टरांनाही ते दिसतं. ते क्षणभर काही लिहीत नाहीत. मग विचारतात, दहापैकी किती दुखतं? तो म्हणतो, आत्ता सहा, रात्रीचं नका विचारू. ते केसपेपरवर सहा लिहितात. त्या सहाचे टक्के कसे करायचे हे कुठल्याच तक्त्यात नाही.

पुढचं टेबल ऑपरेटरचं. त्याचं वागणं वाईट नाही. सकाळपासून पाणीसुद्धा प्यायला उठलेला नाही. आधार नंबर टाकतो, फोटो काढतो. मग आजाराच्या रकान्यावर थांबतो. यादी खाली सरकवतो, वर सरकवतो, शेवटी स्क्रीनच त्यांच्याकडं वळवतो. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. सिकलसेल आला, थॅलेसेमिया आला, हिमोफिलिया आला, पार्किन्सन आला. स्वादुपिंड नाही.

"मी काय निवडू, सांगा बरं?" तो खरंच विचारतो आहे. मग त्याला काहीतरी सुचतं. "शुगर आहे ना? डोळ्यांवर परिणाम झालाय का? मग नेत्रला दाखवा, तिकडून होईल."

"नाही हो, डोळे चांगले हायेत," बायको पटकन म्हणते. आणि गप्प होते. नवऱ्याचे डोळे चांगले आहेत हे सांगताना बाईचा चेहरा असा पडलेला मी दुसरीकडं कुठं पाहिलेला नाही.

डॉक्टर दारातून सांगतात, तहसीलला जा, निराधारचा अर्ज करा. तिथं दुर्धर आजाराचा रकाना आहे. क्षय, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग, आणि यांसारखे. त्या 'यांसारखे'मध्ये बसतंय का बघायचं. दाखल्यावर मोठ्या साहेबांची सही लागेल. साहेब मीटिंगला गेलेत, चारला येतील.

बाहेर झेरॉक्सच्या टपरीवर पुन्हा रांग. टपरीवाल्याला सगळ्या योजना तोंडपाठ आहेत, बाबूपेक्षा जास्त. निराधारला महिन्याला १,५०० मिळतात, तो मशीनचं झाकण लावत सांगतो. जेवणासोबत घ्यायच्या पाचकरसाच्या कॅप्सूलचं महिन्याचं बिल त्याच्या वर जातं, हे तिला ठाऊक आहे. ती तरीही हिशेब करते.

"पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला, रेशन कार्ड, आधार. आणि उत्पन्नाचा, एकवीस हजाराच्या आतला."

"महिन्याचे?"

"वर्षाचे, ताई. अख्ख्या घराचे."

म्हणजे दिवसाला साठ रुपयेसुद्धा नाहीत. ती रोजानं निंदायला जाते, आठवड्यातले चार दिवस काम मिळालं तरी आकडा वर जातो. "तलाठी लिहून देईल का एवढं कमी?" ती विचारते.

"ते तलाठ्याला विचारा. किती प्रती काढू?"

माळकरी टपरीच्या पायरीवर बसला आहे, परत तसाच पुढं वाकून. सव्वाबारा झाले आहेत. ती थर्मास उघडून बर्फ किती उरला ते बघते, टपरीवाल्याला म्हणते, "दोन-दोन काढा. आणि भाऊ, इथं बर्फ कुठं मिळंल?"

"रसवंतीवर बघा. स्टँडच्या बाजूला."