दत्तकाच्या अर्जात मुलाची बाजू

दत्तकाच्या अर्जाला सहसा विरोध करणारा कोणी नसतो. देणारे राजी, घेणारे आतुर. ज्याचं अख्खं आयुष्य बदलणार ते मूल मात्र बहुधा पाळण्यात. त्याची बाजू न्यायाधीशांनाच पाहावी लागे, आणि कायदा त्यांना दर वेळी साथ देईच असं नव्हतं.

१९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात मुलगा असताना दुसरा मुलगा, मुलगी असताना दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयात २००९ मध्ये निकाल लागलेलं प्रकरण याच कलमावर अडलं होतं. एका दांपत्याला स्वतःची मुलगी होती. त्यांनी आणखी एका तान्ह्या मुलीला घरी आणलं, तेही १८९० च्या कायद्याखाली, नुसते पालक म्हणून. हे पालकत्व मूल सज्ञान झालं की संपतं, वारसाहक्कही देत नाही. म्हणजे एका छताखाली दोन मुली. एक लेक, दुसरी कागदोपत्री पाल्य. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी बाल न्याय कायद्याकडे बोट दाखवलं: अनाथ, टाकून दिलेल्या किंवा स्वाधीन केलेल्या मुलाला घर मिळावं म्हणून तो कायदा आहे, तिथे १९५६ ची आडकाठी चालणार नाही. घेणाऱ्याच्या वंशाआधी मुलाची गरज पाहणारा हा निकाल मला फार मोलाचा वाटतो.

हिंदू दत्तक कायद्याबाहेरच्या मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांनाही बाल न्याय कायद्यानेच वाट दिली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ती कोणत्याही धर्माच्या माणसाला खुली असल्याचं सांगितलं. दत्तक हा मूलभूत हक्क मानायला मात्र नकार दिला.

कलमं सुधारली तरी मनं तिथेच राहतात. भुसावळच्या न्यायालयाने एका घटस्फोटित स्त्रीला बहिणीची मुलगी दत्तक द्यायला नकार दिला. कारण? ती नोकरी करते, मुलीकडे लक्ष कसं देणार! मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तो आदेश रद्द केला. एकट्या आईला नोकरी करावीच लागते, हे कोर्टाला सांगावं लागावं याचं वाईट वाटतं.

बाल न्याय कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचे आदेश देण्याचे अधिकार कोर्टाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले. काम लवकर व्हावं हा हेतू चांगला. पण जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रलंबित अर्ज कोर्टातच ठेवायला सांगितले. तेच योग्य होतं. वरच्यासारखा पेच आला, तर तो सोडवायला कायद्याचा अर्थ लावणारं माणूसच हवं.