हवेवर चालणारी ऊब

१९६८च्या जानेवारीत विक एल्फर्ड आणि डेव्हिड स्टोन या जोडीने मोंते कार्लो रॅली जिंकली ती पोर्शे ९११ गाडीत. तुरिनीच्या घाटात प्रेक्षकांनी रस्त्यावर बर्फ टाकून ठेवला होता. चुरशीत असलेला जेरार लारूस आपली आल्पिन घेऊन त्यावरून घसरला आणि भिंतीवर आदळला. पुढची दोन वर्षंही, १९६९ आणि १९७०मध्ये, ब्यॉर्न वाल्डेगार्डने ही रॅली ९११मध्येच जिंकली. आल्प्सचा हिवाळा, रात्रीचे घाट, गोठलेले रस्ते आणि सलग तीन विजय. एवढं वाचून कुणालाही वाटेल की थंडीसाठी याहून चांगली गाडी नसेल. इंजिनापुरतं ते खरंही आहे. त्यात पाणीच नाही, तेव्हा गोठण्याचा प्रश्न येत नाही. पण हीच गाडी घेऊन श्टुटगार्टमधला एखादा माणूस सकाळी कामावर निघाला, की पहिल्या सिग्नलला त्याच्या हातात फडकं असायचं. समोरच्या काचेवर वाफ धरलेली असायची.

पाण्यावर थंड होणाऱ्या गाडीत हीटरसाठी वेगळी उष्णता निर्माण करावी लागत नाही. इंजिनातून आलेलं ऐंशी-नव्वद अंश तापमानाचं पाणी डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरवलं आणि त्यावर पंखा लावला की काम झालं. गाडी उभी असो वा पळत असो, पाणी तापलेलंच असतं. ९११मध्ये १९६४च्या पहिल्या गाड्यांपासून १९९८पर्यंत हे पाणी नव्हतं. मागच्या चाकांच्याही मागे सहा सिलिंडरचं इंजिन बसवलेलं, आणि त्याच्या डोक्यावरचा मोठा पंखा बाहेरची हवा ओढून सिलिंडरच्या फिन्सवर ढकलणारा. बजाजच्या जुन्या स्कूटरचं इंजिन ज्यांनी उघडलं असेल त्यांना हे तत्त्व ओळखीचं वाटेल. तिथेही फ्लायव्हीलवरची पाती फिन्सवर वारा घालतात. स्कूटरवाल्याला मात्र त्या गरम हवेचा उपयोग नसतो. ९११च्या रचनाकारांना तो करून घ्यायचा होता.

त्यांची युक्ती अशी. पंख्याच्या हवेचा थोडा भाग दोन नळ्यांतून खाली इंजिनाच्या दोन्ही बाजूंना उतरवला. तिथे एक्झॉस्टच्या नळ्यांभोवती पत्र्याचं बंद आवरण आहे, त्याला हीट एक्स्चेंजर म्हणतात. नळीच्या आतून जळका धूर जातो आणि नळी व आवरण यांच्यामधल्या पोकळीतून स्वच्छ हवा. हवा तापून पुढे गेली की एका झडपेच्या डबीत शिरते. झडप बंद असेल तर गरम हवा गाडीखाली सोडून दिली जाते. उघडी असेल तर ती दारांखालच्या पोकळ सिलमधून पुढे येते, थोडी पायांकडे आणि उरलेली समोरच्या काचेच्या मुळाशी. झडपा उघडायचा दांडा दोन सीटच्या मध्ये, हँडब्रेकपाशी. पायाजवळच्या सिलवर सरकणारी छोटी झाकणं असतात. ती बंद केली की पायांच्या वाट्याची हवाही काचेकडे वळते. नवख्या मालकांना ही झाकणं दिसतच नाहीत, आणि काच का सुकत नाही म्हणून ते हैराण होतात.

रचना सुबक आहे आणि चांगल्या अवस्थेत असेल तर काम झटपट करते. एक्झॉस्टची नळी पाण्यापेक्षा कितीतरी लवकर तापते. त्यामुळे पाण्याची गाडी अजून थंड फुंकर मारत असते तेव्हा ९११च्या काचेवर ऊन हवा यायला लागलेली असते. पण हवा ढकलणारा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो आणि नळी तापवणारा धूरही इंजिनातूनच येतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की दोन्ही वाढतात, सोडला की दोन्ही पडतात. घाट चढताना पाय भाजतील इतकी उष्णता, तोच घाट उतरताना नुसता गार वारा, आणि सिग्नलला तर जवळपास काहीच नाही. या गाडीत थर्मोस्टॅटचं काम चालकालाच करावं लागतं: चढाला दांडा खाली, उताराला वर. सत्तरच्या दशकातल्या अनेक ९११मध्ये या दांड्याच्या शेजारी हाताने अ‍ॅक्सिलरेटर धरून ठेवायचा आणखी एक दांडा असे. थंड इंजिन सकाळी नीट चालावं म्हणून तो होता. गाडी उभी असताना तो थोडा ओढला की इंजिन जोरात फिरतं आणि हीटरलाही दम येतो. दशकाच्या उत्तरार्धात काही मॉडेलमध्ये तापमान पाहून झडपा आपोआप हलवणारी यंत्रणा आली. १९८४च्या ३.२ लिटर कॅरेरापासून इंजिनाच्या खणात विजेचा साहाय्यक पंखा आला, म्हणजे गाडी उभी असतानाही हवा वाहती राहू लागली. माझ्या मते या हीटरमधली सगळ्यात शहाणी सुधारणा हीच. जुन्या गाडीतही असा पंखा मागाहून बसवता येतो आणि मूळ रचनेला धक्का लागत नाही.

पण मालकांची बरीच ताकद चुकीच्या शत्रूशी लढण्यात जाते. काचेवर वाफ धरते ती गाडी थंड आहे एवढ्यानेच नव्हे. आतल्या हवेत जेवढं बाष्प आहे त्याच्या दवबिंदूखाली काचेचं तापमान गेलं, म्हणून धरते. शून्य अंशाला एक घनमीटर हवा जेमतेम ४.८ ग्रॅम बाष्प धरू शकते, १० अंशांना ९.४ आणि २० अंशांना १७.३ ग्रॅम. ९११ची केबिन दोन-अडीच घनमीटरची. म्हणजे १० अंश तापमानाच्या बंद केबिनमध्ये सगळं मिळून वीस-पंचवीस ग्रॅम बाष्प मावतं. बसलेला एक माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला निदान पंचवीस-तीस ग्रॅम पाणी हवेत सोडतो. दोन माणसं बसली तर अर्ध्या तासाच्या आत केबिन भरते, आणि जास्तीचं पाणी सगळ्यात थंड जागी, काचेवर, जाऊन बसतं.

याच आकड्यांत उपायही आहे. बाहेरची शून्य अंशाची ओलीगच्च हवा आत घेऊन २० अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता २८ टक्क्यांच्या आसपास येते. ही हवा कोरडी ठणठणीत असते आणि काचेवरचं पाणी शोषून घेते. मात्र तिला बाहेर जायला वाट हवी. म्हणूनच बाहेरची ताजी हवा आत घेणारा पुढचा छोटा पंखा बंद करून, सगळ्या खिडक्या आवळून ‘ऊब धरून ठेवणारा’ चालक आपल्याच श्वासात बुडतो. ज्या कूपेंच्या मागच्या छोट्या खिडक्या बिजागरीवर उघडतात, त्यांत त्या बोटभर फटीने उघड्या ठेवल्या तरी फरक पडतो.

यापेक्षाही दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पायाखालचा गालिचा. पन्नास वर्षांच्या गाडीत काचांची रबरं कडक झालेली असतात आणि सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्या कचऱ्याने तुंबलेल्या असतात. त्या वाटांनी आलेलं लिटरभर पाणी गालिच्याखालच्या फेल्टमध्ये गुपचूप मुरतं. लिटर म्हणजे हजार ग्रॅम. कुठलाही हीटर चालू केला की पहिल्यांदा ते पाणी वर येतं आणि काच आणखी पांढरी होते. तेव्हा पहिला खर्च हीटरवर नको. रबरं बदलावीत, गालिचे काढून उन्हात वाळवावेत, आणि काच आतून घासून पुसावी. प्लास्टिकमधून सुटणारी वाफ आणि सिगारेटचा धूर यांचा जो थर काचेवर बसतो, त्यावर थेंब लवकर धरतात. साबणाच्या अगदी पातळ थराने पाण्याचे थेंब न होता सपाट पडदा होतो, आणि त्यातून निदान रस्ता दिसतो. आपल्याकडे वायपर बंद पडला की ट्रकवाले काचेवर तंबाखू चोळतात, त्यामागचा हिशेबही असाच.

आता धोक्याचं. हीट एक्स्चेंजर साध्या पत्र्याचे असतात आणि गाडीच्या पोटाशी पाणी, मीठ व चिखल झेलत असतात. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या देशांत ते गंजतातच. बाहेरचं आवरण गंजलं तर गरम हवा वाटेतच गळते आणि मालक थंडीने कुडकुडतो, एवढंच. आतल्या नळीला तडा गेला तर एक्झॉस्टचा धूर थेट केबिनच्या हवेत मिसळतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एका इंजिनाच्या छोट्या विमानांतही हीटर असाच एक्झॉस्टभोवती गुंडाळलेला असतो, म्हणून तिथे एक्झॉस्टची तपासणी कसोशीने करतात. गाडीवाले तितके काटेकोर नसतात. त्यांना काळजी वाटते ती जळक्या तेलाच्या वासाची. खालच्या व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट किंवा तेल परत नेणाऱ्या नळ्यांची सील झिरपू लागली की थेंब बरोबर एक्स्चेंजरवर पडतात, आणि हीटर चालू करताच आत वास भरतो. हा वास त्रासाचा, पण निदान तो सूचना देतो. वास न देणाऱ्या वायूसाठी डॅशबोर्डवर बॅटरीचा छोटा अलार्म ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि तो न करणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती नाही. गंजलेले एक्स्चेंजर वेल्डिंग करून वापरण्यापेक्षा स्टेनलेस स्टीलचे नवे घालावेत. महाग आहेत, पण टिकतात.

इंजिनावर अवलंबून न राहणारा उपाय कारखान्यानेच सुरुवातीला दिला होता. साठच्या दशकातल्या बऱ्याच ९११मध्ये पुढच्या डिकीत वेबास्टो कंपनीचा पेट्रोलवर चालणारा हीटर असायचा. गाडीच्याच टाकीतून थोडं पेट्रोल घेऊन तो एका बंद कोठीत जाळतो. ज्वाळेची हवा वेगळी आणि केबिनची वेगळी, धूर नळीने खाली सोडलेला. इंजिन बंद असतानाही तो चालतो, सिग्नलला कमी पडत नाही आणि उतारावर थंड होत नाही. एबरश्पेखर या कंपनीचेही असे हीटर आहेत. जुने हीटर काही वर्षं बंद राहिले की सुरू व्हायला कुरकुरतात आणि सुरू होताना धूर ओकतात. पेट्रोलच्या टाकीशेजारी ज्वाळा ही कल्पनाही सगळ्यांना झेपत नाही. पण जर्मनीच्या किंवा स्वीडनच्या हिवाळ्यात ही गाडी रोज चालवायची असेल, तर नीट दुरुस्त केलेल्या वेबास्टोइतकं समाधान दुसरं कशात नाही.

सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावायचे छोटे सिरॅमिक हीटर मात्र मनाची समजूत आहेत. बारा व्होल्टच्या त्या वायरीतून सुरक्षितपणे दीडशे वॉटच्या आसपास मिळतात. न्हाणीघरातला गिझर दोन हजार वॉटचा असतो, म्हणजे काय अपेक्षा ठेवायची ते कळेल. काचेसमोर तळहाताएवढी जागा स्वच्छ होते, बस. काचेतच तारा बसवणं हे वेगळं प्रकरण. फोर्डने १९८५मध्ये युरोपातल्या गाड्यांत समोरच्या काचेच्या दोन थरांमध्ये टंगस्टनच्या केसासारख्या तारा घातल्या. अशा काचा आता जुन्या ९११साठीही बनतात आणि रॅलीवाले त्या आवडीने वापरतात. हवेला वगळून काचच तापवायची असल्याने हा उपाय सगळ्यात सरळ. पण ती काच काही मिनिटं कित्येकशे वॉट खाते, आणि सुरुवातीच्या ९११चा अल्टरनेटर सगळा मिळून ४९० वॉटचा. दिवे, वायपर आणि इग्निशन यांनाही त्यातूनच भागवायचं. मोठा अल्टरनेटर आणि नवी जाड वायर यांशिवाय ती काच बसवू नये.

आपल्या पावसाळ्यात हे सगळं गणित उलटतं. जुलैत मुंबईची २६ अंशांची हवा घनमीटरमागे चोवीस-पंचवीस ग्रॅम बाष्प घेऊन येते. ती कोरडी करायला तापवावी तर माणसं शिजतात. उपाय एसीचा, कारण त्याच्या थंड कॉइलवर बाष्प आधीच गळून पडतं. पण १९८९च्या ९६४ मॉडेलआधी ९११चा एसी हा हीटरपासून वेगळा, जोडलेला सरंजाम होता. कोरडी हवा काचेवर नेण्याची वाटच त्यात नव्हती.

उष्ण प्रदेशातल्या मालकांची तक्रारही वेगळी असते: हीटर बंदच होत नाही. झडपेची केबल ताणलेली, झडप अर्धवट अडकलेली आणि एप्रिलच्या दुपारी पायांवर गरम झोत. मग काही जण वैतागून एक्स्चेंजरच काढतात आणि रेसिंगच्या साध्या नळ्या बसवतात. वजन कमी होतं, आवाज वाढतो. तेव्हा पंख्याच्या आवरणातून एक्स्चेंजरकडे जाणारी दोन भोकं घट्ट बंद करायला विसरू नये. उघडी राहिली तर सिलिंडरच्या वाट्याची हवा तिथून वाया जाते, आणि ज्या इंजिनाला थंड राहायला हवेशिवाय दुसरं काही नाही ते तापू लागतं.